वगळलेली वस्तू आणि भरलेली जागा : छायाचित्र-संपादनातील 'अनावश्यक' या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

छायाचित्रातील नको असलेली वस्तू काढून टाकणे ही आता विशेष कौशल्याची बाब राहिलेली नाही. डोक्यामागचा विजेचा खांब, देवळाच्या शिखरावरून गेलेल्या तारा, समूहचित्राच्या कडेला उभा राहिलेला अनोळखी माणूस यांपैकी काहीही काही क्षणांत नाहीसे करता येते. एकेकाळी या कामासाठी निगेटिव्हवर पेन्सिल आणि ब्रश चालविणारा कसबी कारागीर लागे. १९९० मध्ये 'फोटोशॉप' ही आज्ञावली बाजारात आल्यानंतर हे काम हळूहळू संगणकाच्या पडद्यावर आले आणि २०२१ मध्ये गुगलच्या 'पिक्सेल ६' या फोनबरोबर आलेल्या 'मॅजिक इरेझर'पासून ते सर्वसामान्यांच्या हातातील फोनमध्येच होऊ लागले.

या सोयीविषयीची चर्चा सामान्यतः दोन टोकांवर होताना दिसते. एका बाजूस तिच्याकडे निरुपद्रवी साफसफाई म्हणून पाहिले जाते. दुसऱ्या बाजूस छायाचित्रातील प्रत्येक फेरफार हा सरसकट खोटेपणा ठरविला जातो. या दोन्ही भूमिकांमध्ये एक गोष्ट समान आहे. दोहोंचेही लक्ष काढून टाकलेल्या वस्तूकडे असते. तिच्या जागी काय आले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक छायाचित्रातून कोणतीही वस्तू नुसती 'काढता' येत नाही. कागदावरील शब्द खोडला तर खाडाखोड तरी उरते. छायाचित्रातील वस्तू खोडल्यावर मात्र तिच्या जागी भिंत, गवत, पाणी किंवा आकाश यांपैकी काहीतरी रंगवावेच लागते आणि ते कॅमेऱ्याने त्या जागी पाहिलेले नसते. म्हणजेच छायाचित्रातील प्रत्येक वगळणूक ही एक भर असते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर ते क्षेपक होय. या दृष्टीने काही प्रसिद्ध छायाचित्रांचा आणि त्यांतील 'अनावश्यक' ठरविल्या गेलेल्या वस्तूंचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

रिकाम्या जागेचा प्रश्न

राजकीय हेतूने केलेल्या वगळणुकीचे सर्वपरिचित उदाहरण सोव्हिएत रशियातील आहे. १९३७ मध्ये मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर घेतलेल्या एका छायाचित्रात व्होरोशिलोव्ह, मोलोटोव्ह, स्टालिन आणि गुप्त पोलीस दलाचा प्रमुख निकोलाय येझोव्ह हे चौघे दिसतात. येझोव्हला १९३९ मध्ये अटक झाली व १९४० मध्ये देहदंड देण्यात आला. त्यानंतरच्या प्रतीत स्टालिनच्या शेजारची जागा मोकळी आहे आणि तेथे कालव्याचे पाणी दिसते. डेव्हिड किंग यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द कमिसार व्हॅनिशेस' या ग्रंथात अशा अनेक चित्रांच्या मूळ व बदललेल्या प्रती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. या ग्रंथाच्या वाचकाचे लक्ष अर्थातच नाहीशा झालेल्या माणसाकडे जाते. परंतु असत्य विधान करते ते येझोव्हच्या जागी रंगविलेले पाणी. 'येथे कोणी नव्हते' असे ते सांगते आणि ते इतक्या सहजपणे सांगते, की पाहणाऱ्याला प्रश्नच पडू नये.

हे पाणी आणायचे कोठून, हाच संगणकीय संपादनाच्याही मुळाशी असलेला प्रश्न आहे. आरंभीच्या साधनांत चित्राच्या एका भागाची नक्कल दुसऱ्या भागावर हाताने उमटविली जाई. २००० साली बेर्तालमियो, सापिरो, कासेयेस व बालेस्तेर या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत मोकळ्या जागेच्या कडेवरील रंग व रेषा आतल्या बाजूस ओढून नेल्या जात. या क्रियेला त्यांनी वापरलेली 'इनपेंटिंग' ही संज्ञा जुन्या चित्रांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांकडून घेतलेली होती. पुढे २००४ मध्ये क्रिमिनिसी, पेरेझ व तोयामा यांनी चित्रातीलच लहान लहान तुकडे निवडून जागा भरण्याची रीत मांडली. तिचा घोषित उद्देशच मोठ्या वस्तू काढून टाकणे हा होता. २००९ मध्ये 'पॅचमॅच' या पद्धतीने असे तुकडे शोधण्याचे काम अतिशय वेगवान केले आणि २०१० मध्ये फोटोशॉपमध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' ही सोय आली.

येथपर्यंत व्यवहारात आलेल्या साधनांत भर घातलेला मजकूर त्याच चित्रातून घेतलेला असे. मात्र २००७ मध्येच हेज व एफ्रोस यांनी इतरांनी काढलेल्या लक्षावधी छायाचित्रांतून योग्य तुकडा शोधून जागा भरण्याचा प्रयोग केला होता. २०२३ मध्ये आलेली 'जनरेटिव्ह फिल' ही सोय तर असंख्य चित्रांवरून शिकलेल्या प्रतिमानाकडून त्या जागी शोभेल असे नवेच दृश्य तयार करून घेते. या इतिहासाचा अर्थ चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नक्कल करून भरलेल्या जागेत आकारांची पुनरावृत्ती होई आणि जाणकार डोळ्याला ती सापडे. २००६ मध्ये बैरूतवरील धुराच्या एका वृत्तचित्रातील फेरफार अशा पुनरावृत्तीमुळेच उघडकीस आला होता. नव्या पद्धतीत ही खूणही उरत नाही. जे सामान्यतः असते तेच येथे होते, असे गृहीत धरून जागा भरली जाते. छायाचित्राचे मोल मात्र अनेकदा नेमके याच्या उलट असते. जे सामान्यतः नसते, पण त्या क्षणी तेथे होते, ते दाखविण्यात असते.

खांब असलेले चित्र आणि खांब नसलेले चित्र

येझोव्हच्या चित्रात हेतू दुष्ट होता, त्यामुळे त्याविषयी निर्णय देणे सोपे जाते. हेतू केवळ सौंदर्याचा असेल तर काय होते, हे जॉन फिलो यांच्या चित्रावरून तपासता येते. ४ मे १९७० रोजी अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या आवारात ओहायो नॅशनल गार्डच्या जवानांनी युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी गोळीबार केला. त्यात ४ विद्यार्थी ठार व ९ जखमी झाले. त्याच विद्यापीठात छायाचित्रणाचे शिक्षण घेणाऱ्या फिलो यांनी टिपलेल्या चित्रात जेफ्री मिलर याचे शव रस्त्यावर पालथे पडले आहे. शेजारी गुडघे टेकून, हात पसरून १४ वर्षांची मेरी ॲन व्हेकिओ आक्रोश करीत आहे. तिच्या डोक्याच्या बरोबर मागे कुंपणाचा एक खांब आहे. या चित्राला १९७१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९९५ मध्ये, घटनेला २५ वर्षे झाली तेव्हा, 'लाइफ' नियतकालिकाने हे चित्र छापले. त्यात खांब नव्हता. वाचकांच्या हे लक्षात आल्यावर, आपण चित्रात कोणताही बदल केलेला नसून ते संग्रहात याच स्वरूपात होते, असे नियतकालिकाने स्पष्ट केले. खांबविरहित प्रत त्यापूर्वीही अन्यत्र छापली गेली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे संगणकीय संपादनाच्या कितीतरी आधी, कोणा अज्ञात हाताने डार्करूममध्ये तो खांब पुसला होता आणि नंतर तीच प्रत मूळ म्हणून वापरात राहिली.

खांब काढण्यामागील विचार सहज समजण्याजोगा आहे. माणसाच्या डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसू नये, हा छायाचित्रणाच्या प्राथमिक पाठांपैकी एक होय. खांब गेल्याने घटनेविषयीची कोणतीही माहिती बदलत नाही. मृत्यू तोच, आक्रोश तोच. तरीही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली असता त्यांचा आशय एक राहत नाही, असे म्हणावे लागते. खांब नसलेल्या चित्रात मुलीची आकृती मोकळ्या पार्श्वभूमीवर स्वच्छ उठून दिसते. मृत देह आणि त्यावर झुकलेली शोकमग्न स्त्री यांची युरोपीय शिल्पपरंपरेतील 'पिएता' ही रचना तेथे लगेच आठवते. चित्र प्रतीकाकडे झुकते आणि शोकाला एक प्रकारचे भारदस्त सौष्ठव प्राप्त होते.

खांब असलेले चित्र असे होऊ देत नाही. तो खांब कुरूप आहे, चुकीच्या जागी आहे आणि म्हणूनच छायाचित्रकाराला जागा निवडायला वेळ नव्हता, हे तो सांगतो. ही घटना एखाद्या रंगमंचावर घडली नसून कुंपण, रस्ता आणि ये-जा करणारे विद्यार्थी असलेल्या रोजच्या आवारात घडली, याचा तो साक्षीदार आहे. पार्श्वभूमीवर काही विद्यार्थी या दृश्याकडे न पाहता चालत आहेत. त्यांच्या जातीचाच तो खांब आहे. शोकाला दाद न देणारे अवतीभवतीचे जग दोहोंतून व्यक्त होते. खांब 'अनावश्यक' ठरविणाऱ्याने माहिती बदलली नाही हे खरे, पण चित्रातील अनपेक्षिताचा प्रतिकार मोडून काढला. वाङ्मयीन समीक्षेत आशय व अभिव्यक्ती वेगळी करता येत नाहीत असे मानले जाते. तेच येथे लागू होते.

नीटनेटक्या जगाची सवय

एका खांबाविषयी हा युक्तिवाद अतिरेकी वाटू शकतो. परंतु वगळणूक ही एखाद्या छायाचित्रकाराची रीतच झाली तर तिचा परिणाम अधिक स्पष्ट होतो. स्टीव्ह मॅकरी यांच्या चित्रांविषयी २०१६ मध्ये झालेली चर्चा या दृष्टीने उद्बोधक आहे. इटलीतील तुरिनजवळच्या एका प्रदर्शनात त्यांच्या क्यूबातील एका चित्रात रस्त्यावरील खांबाचा भाग अर्धवट सरकवलेला आढळला. त्यानंतर त्यांच्या इतर चित्रांच्या वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या गेल्या. तेव्हा भारतीय उपखंडात टिपलेल्या काही चित्रांच्या एका प्रतीत असलेली माणसे व वस्तू दुसऱ्या प्रतीत नाहीत, असे दिसून आले. मॅकरी यांनी क्यूबाच्या चित्रातील दोष ही प्रत तयार करताना झालेली चूक असल्याचे सांगितले आणि आपण वृत्तछायाचित्रकार नसून चित्रांतून कथा सांगणारे आहोत, अशी भूमिका घेतली.

ही भूमिका तपासण्यासाठी त्याच वर्षी, या प्रकरणाच्या थोडे आधी, टेजू कोल यांनी लिहिलेला एक लेख उपयुक्त ठरतो. कोल यांचा आक्षेप फेरफाराला नव्हता, तर मॅकरी यांच्या भारतविषयक चित्रांच्या अति-परिपूर्णतेला होता आणि तुलनेसाठी त्यांनी रघुबीर सिंग यांची चित्रे घेतली होती. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांच्या रंगीत छायाचित्रांत चौकट भरून वाहत असते. खांब, दरवाजे, आरसे, मोटारीच्या काचा दृश्याला मध्येच कापतात आणि मुख्य विषय कोणता हे एका दृष्टिक्षेपात ठरविता येत नाही. मुंबईवरील त्यांच्या १९९४ च्या ग्रंथातील शहर असेच एकमेकांत घुसलेल्या गोष्टींचे शहर आहे. या चित्रांतून 'नको असलेल्या' वस्तू काढायच्या ठरविल्या तर चित्रच शिल्लक राहणार नाही.

या तुलनेतून एक गोष्ट निष्पन्न होते. 'अनावश्यक' हा गुण वस्तूच्या ठिकाणी नसतो. पाहणाऱ्याच्या मनात आधीच तयार असलेल्या चित्राच्या संदर्भात तो ठरतो. प्राचीन, रंगीबेरंगी, कालातीत भारत दाखवायचा असेल तर विजेची तार, प्लास्टिकची घागर, कडेने जाणारा पँट घातलेला माणूस हे अडथळेच ठरणार. कथा सांगण्याचे स्वातंत्र्य मान्य केले, तरी ज्यांची कथा सांगितली जाते त्यांच्या जगातून काय काढून टाकले, हे विचारण्याचा अधिकार वाचकाला राहतोच. फोनमधील नवी साधने तर पार्श्वभूमीतील माणसे आणि विजेच्या तारा स्वतःहून 'लक्ष विचलित करणाऱ्या' म्हणून सुचवितात. एका छायाचित्रकाराची अभिरुची तेथे सर्वांसाठीचा पूर्वनियोजित पर्याय बनते.

चौकट आणि पुसणे

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. छायाचित्रकार जागा निवडतो, कोन निवडतो, नंतर चित्राच्या कडाही छाटतो. ही सारी वगळणूकच नव्हे काय? मग आतली वस्तू पुसण्याने असे काय वेगळे होते? या प्रश्नाचे उत्तर भरलेल्या जागेत आहे. चौकटीबाहेर काय आहे याविषयी छायाचित्र काहीच बोलत नाही आणि चौकटीला बाहेर असते हे प्रत्येक पाहणाऱ्याला ठाऊक असते. कडा छाटणे म्हणजे मौन पाळणे होय. मौनही फसवे असू शकते, पण ते विधान नव्हे. चौकटीच्या आतली वस्तू पुसून तेथे गवत दाखविणे हे मात्र विधान आहे आणि ते असत्य आहे.

२०१३ मध्ये सीरियात टिपलेल्या एका चित्राच्या कोपऱ्यातील सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा नार्सिसो कॉन्त्रेरास यांनी पुसून तेथे जमीन भरली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्याशी संबंध तोडले. संस्थेने त्यांची इतर शेकडो चित्रे तपासली; त्यांत असा फेरफार आढळला नाही. कॅमेरा क्षुल्लक होता, हे सर्वांनाच मान्य होते. तरीही संस्थेचा निर्णय तर्काला धरून होता असे म्हणावे लागेल. वृत्तचित्राचा वाचक चित्रातील प्रत्येक चौरस सेंटिमीटर 'तेथे होता' म्हणून स्वीकारतो. क्षुल्लक काय आणि महत्त्वाचे काय, हे तो नंतर ठरवितो. शिवाय घटनास्थळी दुसरा कॅमेरा होता, ही माहिती एखाद्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटणार नाही.

याचा अर्थ सर्वच वगळणूक निषिद्ध आहे असा नव्हे. आपल्याकडील छायाचित्र-स्टुडिओंत लग्नाच्या समूहचित्रातून दिवंगत आजोबांचा चेहरा वेगळा काढून, मागे सपाट रंग भरून भिंतीवर लावण्याची तसबीर तयार करण्याची प्रथा जुनी आहे. त्या तसबिरीतील निळसर पार्श्वभूमीकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. ती भरलेली आहे हे घरातील सर्वांना माहीत असते. म्हणजेच भेद फेरफार केला की नाही एवढ्यावर अवलंबून नसून, चित्र साक्ष म्हणून पुढे केले आहे काय आणि भरलेली जागा भरलेली म्हणून ओळखता येते काय, या दोन प्रश्नांवर अवलंबून आहे.

क्षेपकाची नोंद

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या पद्धती अन्य विद्याशाखांनी फार पूर्वी घडविल्या आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे थोर उदाहरण होय. वि. सी. सुखटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संहितेतून असंख्य श्लोक वगळले. व्यासांनी गणेशाला लेखनिक केल्याची सर्वतोमुखी असलेली कथाही त्यांनी आदिपर्वाच्या मूळ संहितेबाहेर ठेवली. पण तो मजकूर नष्ट केला नाही. वगळलेले श्लोक तळटीपांत व दीर्घ भाग परिशिष्टांत जसेच्या तसे उपलब्ध आहेत आणि जेथे पाठ संशयित आहे तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याला तो तपासून पाहता येतो.

चित्रकलेच्या जीर्णोद्धारातही हीच नीती दिसते. रोम येथील केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या पद्धतीत, भित्तिचित्रातील रंग उडालेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरली जाते. दुरून पाहताना चित्र अखंड दिसते, पण जवळ जाताच भरलेला भाग वेगळा कळतो. येथे एक विसंगती नजरेस येते. संगणकशास्त्राने 'इनपेंटिंग' ही संज्ञा याच व्यवसायाकडून घेतली, परंतु तिच्यामागील नीती मात्र घेतली नाही. जीर्णोद्धारकाची भर स्वतःची कबुली देते. आज्ञावलीचे यश मात्र भर ओळखता न येण्यावर मोजले जाते. संस्कृत लेखनात लोप पावलेल्या 'अ'काराच्या जागीसुद्धा अवग्रहाचे चिन्ह ठेवले जाते. छायाचित्रातील लोपाला असे चिन्ह नाही.

चित्राबरोबर त्यातील बदलांची नोंद जोडण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. 'सीटूपीए' या नावाने २०२१ मध्ये स्थापन झालेल्या आघाडीने त्यासाठी तांत्रिक मानक तयार केले आहे. मात्र जोडलेली नोंद प्रतीवरून प्रत करताना गळून पडू शकते. त्यामुळे तंत्रज्ञानाइतकीच संपादकीय शिस्तीची गरज राहते.

अध्यापन आणि संशोधन यांच्याशी संबंध

हा प्रश्न केवळ वृत्तपत्रांचा नाही. इतिहास, समाजशास्त्र, भूगोल, लोकसाहित्य या विषयांतील क्षेत्रकार्यात छायाचित्र हे पुरावा म्हणून जोडले जाते. गावातील मंदिराचे चित्र प्रकल्प-अहवालात लावताना विद्यार्थी समोरची पत्र्याची शेड, वर्गणीचा फलक, शिखरावरील तारा पुसून टाकतो. चित्र निश्चितच देखणे होते. परंतु त्या वास्तूचा वापर कोण करते, तिची देखभाल कोणी व केव्हा केली, वीज कोठून आली, या प्रश्नांची उत्तरे नेमकी त्या पुसलेल्या वस्तूंत असतात. तीस वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्या अभ्यासकाला देऊळ मिळेल, पण गाव मिळणार नाही. आणि मिळाले नाही हेही त्याला कळणार नाही. केंट स्टेटच्या चित्राची बदललेली प्रत सुमारे दोन दशके संग्रहातून मूळ म्हणून फिरत राहिली, हे या संदर्भात विसरता येत नाही.

त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवणे, बदललेल्या प्रतीखाली काय काढले व तेथे काय भरले हे एका ओळीत नमूद करणे आणि पुराव्यादाखल दिलेल्या चित्रात केवळ उजेड व रंग यांच्या किरकोळ सुधारणांपलीकडे न जाणे, एवढे संकेत महाविद्यालयीन पातळीवरही पाळता येण्याजोगे आहेत. हस्तलिखिताचा उतारा देताना गाळलेल्या मजकुराच्या जागी टिंबे देण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली जाते. चित्राच्या बाबतीत याहून निराळे काही अपेक्षित नाही.

निष्कर्ष

छायाचित्रातून वस्तू काढणे ही साफसफाई नसून लेखन आहे. काढलेल्या वस्तूच्या जागी जे भरले जाते त्याचा कर्ता कॅमेरा नसतो, संपादक असतो. आणि आता अनेकदा संपादकही नसून असंख्य चित्रांची सरासरी असते. एखादी वस्तू अनावश्यक आहे हा निर्णय तिच्याविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक निर्णय घेणाऱ्याच्या अपेक्षांविषयी सांगतो. म्हणून अशा चित्राच्या समीक्षेचा आरंभ 'काय काढले?' या प्रश्नाबरोबरच 'तेथे काय भरले आणि ते कोणाच्या अपेक्षेप्रमाणे?' या प्रश्नाने व्हावयास हवा. फिलो यांच्या चित्रातील खांब कोणालाही हवा नव्हता; छायाचित्रकारालाही तो निवडता आला नव्हता. तरीही तो तेथे होता, आणि साक्षीच्या दृष्टीने तेवढे कारण पुरेसे आहे.